वर्षाची फी भरण्याआधी : जिम, तालीम, टेकडी की घर?

नवीन माणूस जिममध्ये शिरतो आणि काउंटरवर पहिलं विचारतो, "वर्षाचे किती?" समोरून छापील कागद येतो. समजा, त्यावर महिन्याचे १,८००, तीन महिन्यांचे ४,५०० आणि वर्षाचे १२,००० लिहिलेत. वर्षाचा दर स्वस्त दिसतो, पैसे भरले जातात. पण हा हिशेब खेपांवर मांडून बघा. वर्षात १५० दिवस गेलात तर एका खेपेला ८० रुपये पडले. तीन महिन्यांत ३० खेपा झाल्या आणि मग जाणं सुटलं, तर खेप ४०० रुपयांना पडली. तेच महिन्यामहिन्याने भरले असते तर तीन महिन्यांचे ५,४०० गेले असते, म्हणजे खेपेला १८०. महाग वाटणारा मासिक दर नवख्याला स्वस्त पडतो, तो असा.

म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्यांत एकच गोष्ट धरून ठेवायची : ठरलेल्या वेळेला आपले पाय जिकडे खरोखर वळतात ती जागा निवडायची. यंत्रं, एसी, सवलत हे सगळं त्यानंतर.

पायरी १ : पैसे न भरता दोन आठवडे

जिम बघायला जाण्याआधी १४ दिवस घरूनच व्यायाम करा. रोज २० मिनिटं भरभर चाला. भरभर म्हणजे बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतकं. दिवसाआड त्याला जोड द्या : सहा सूर्यनमस्कार आणि खुर्चीवरून हात न टेकता १० वेळा उठणं-बसणं, दोनदा. दुसऱ्या आठवड्यात सूर्यनमस्कार १२ करा.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात खूण करा आणि बाजूला खरी वेळ लिहा. "सकाळी" असं लिहू नका, ६:४० लिहा. दोन आठवड्यांनी त्या खुणा बघितल्या की आपली वेळ कोणती ते कळतं. पहाटे साडेपाचला उठायचा बेत असलेल्या माणसाच्या सगळ्या खुणा रात्री साडेआठच्या निघतात, आणि ती माहिती कुठल्याही ट्रेनरच्या सल्ल्यापेक्षा मोलाची असते. १४ पैकी नऊ-दहा खुणा असतील तर पुढे जा. चारच असतील तर जिमची फी भरून त्या वाढणार नाहीत. आधी वेळ बदला आणि आणखी दोन आठवडे घ्या.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी दिलेलं प्रमाण लक्षात ठेवा : आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम आणि निदान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंना ताण देणारा व्यायाम. पहिला भाग चालण्याने फुकटात होतो. दुसरा भाग सहसा राहून जातो. जिम, तालीम किंवा डंबेल यांची गरज असते ती त्यासाठी.

पायरी २ : आधी डॉक्टर कोणी गाठायचा

चालताना किंवा जिना चढताना छातीत दडपतं, चक्कर येते, धाप नेहमीपेक्षा जास्त लागते, रक्तदाब किंवा मधुमेहाचं औषध चालू आहे, हर्निया आहे, गरोदर आहात, अलीकडे शस्त्रक्रिया झाली आहे, किंवा घरात कमी वयात हृदयविकार झालेला आहे, तर आधी डॉक्टरांना विचारा. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने खाली आणणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी पहाटेची बॅच धरू नये आणि खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावं. हे जिमच्या फॉर्मवर लिहा आणि ट्रेनरला तोंडीही सांगा, कारण फॉर्म फाइलमध्ये जातो आणि ट्रेनर तो उघडून बघेलच असं नाही.

पायरी ३ : काय हवंय ते एका वाक्यात

"फिट व्हायचंय" एवढ्याने काही ठरत नाही. "गुडघे न दुखता तीन मजले चढायचेत", "पाठीला बळ हवंय", "वजन आठ किलोने उतरवायचंय", असं वाक्य हवं. वजन उतरवण्यात मोठा वाटा ताटाचा असतो, व्यायामाने ते टिकतं आणि स्नायू राखले जातात. त्यासाठी महागड्या ट्रेडमिलांची रांग लागत नाही. ताकद वाढवायची असेल तर मात्र भार थोडाथोडा वाढवता येईल अशी सोय हवीच, मग ती रॉड-प्लेटांची असो, डंबेलची असो की जोरांची संख्या आणि अवघडपणा वाढवण्याची. सांधे जपायचे असतील तर पाणी, सायकल आणि देखरेखीखालचे हलके वजनाचे व्यायाम बरे.

पायरी ४ : जिम बघायला जायचं ते आपल्या वेळेला

दुपारी बाराला जिम रिकामी, चकचकीत दिसते. तुम्ही जाणार संध्याकाळी साडेसातला, तर साडेसातलाच बघा, तेही सोमवारी. घरून किंवा ऑफिसातून दारापर्यंत किती मिनिटं लागतात ते मोजा. दहा-बारा मिनिटांच्या पुढे गेलं की पावसात, ट्रॅफिकमध्ये आणि पार्किंग शोधण्यात पहिल्या महिन्याचा उत्साह संपतो. घर आणि स्टेशन यांच्या वाटेवर असलेली साधी जिम, वाट वाकडी करून गाठायच्या आलिशान जिमपेक्षा चांगली.

आत गेल्यावर आधी डंबेलचा रॅक बघा. जोड्या पूर्ण आहेत का, आणि वजनं अडीच-अडीच किलोने चढतात का? ५, ७.५, १०, १२.५ अशी रांग असेल तर नवखा माणूस वर सरकू शकतो. ५ नंतर थेट १० असेल तर तो अडकतो. मग रॉड. मोठा, साधारण सव्वादोन मीटर लांबीचा, जाड टोकांचा ऑलिंपिक रॉड रिकामाच २० किलोचा असतो. १५ किलोचाही असतो. गल्लीतल्या जिममधले बारीक रॉड त्याहून बरेच हलके असतात. ट्रेनरला "रिकामा रॉड किती किलोचा?" एवढंच विचारा. उत्तर पटकन आलं तर माणूस कामाचा.

केबलच्या यंत्राजवळ वाकून तार बघा. वरचं प्लॅस्टिकचं आवरण सोललेलं असेल आणि आतली पोलादी तार विसकटलेली, एखादा धागा बाहेर आलेला असेल, तर ती तार तुटायच्या वाटेवर आहे. लॅट पुलडाऊनची (बसून वरचा दांडा खाली ओढायच्या यंत्राची) तार तुटली की दांडा डोक्यावर येतो. वजनाच्या थप्पीत मूळ पिनेऐवजी खिळा किंवा वाकवलेली सळई घातलेली दिसली तर देखभाल कशी आहे ते तिथेच कळलं. ट्रेडमिलला लाल दोरीची सुरक्षा किल्ली आहे का, ती ओढल्यावर पट्टा थांबतो का, हे स्वतः करून बघा. स्क्वॉटच्या (खांद्यावर रॉड घेऊन बैठका मारायच्या) रॅकला आडव्या सेफ्टी पिना आहेत का, रॉडच्या टोकांना लावायचे क्लॅम्प जागेवर आहेत का, तेही बघा. एकट्याने बेंच प्रेस मारताना, म्हणजे बाकावर उताणं झोपून रॉड वर ढकलताना, रॉड छातीवर अडकला तर पिना वाचवतात. त्या नसतील तर तो व्यायाम डंबेलवर करायचा.

तळघरातली जिम असेल तर बाहेर पडायला दुसरी वाट आहे का, आग विझवायचं सिलिंडर भरलेलं आहे का, पावसाळ्यात पाणी शिरतं का, आणि वीज गेल्यावर दिवे लागतात का, हे विचारा. स्वच्छतागृहाच्या दाराला आतून कडी आहे का, पिण्याचं पाणी कुठून येतं, लॉकर रोजचा आहे की भाड्याचा, हे बघायला दोन मिनिटं लागतात.

महिलांनी आणखी काही गोष्टी विचाराव्यात. फक्त महिलांसाठीची बॅच कधी असते? अनेक ठिकाणी ती दुपारची असते आणि नोकरी करणाऱ्यांच्या उपयोगाची नसते. त्या वेळी महिला ट्रेनर हजर असते की फक्त कागदावर? कपडे बदलायची खोली वेगळी आहे का, आणि कॅमेरे कुठे कुठे लावलेत? ओढणी, सैल दुपट्टा घेऊन सायकलवर किंवा ट्रेडमिलवर चढू नका, ती पट्ट्यात ओढली जाते. लांब मंगळसूत्र आणि बांगड्या लॉकरमध्ये ठेवा, अंगठ्याही. रॉड धरल्यावर अंगठी आणि लोखंड यांमध्ये बोटाची कातडी चिमटते. हे अंगठीचं पुरुषांनाही लागू.

शेवटी दहा मिनिटं बाकावर बसून ट्रेनरकडे बघा. तो फोनमध्ये आहे की चुकीचं वजन उचलणाऱ्याजवळ आपण होऊन जातोय? सगळ्या नव्या लोकांना एकच छापील चार्ट देतोय का? ट्रेनर नीट असेल तर जुन्या यंत्रांची जिमही चालून जाते. तो लक्ष देत नसेल तर उत्तम यंत्रांवरही खांदा दुखावतो.

पायरी ५ : पैशाचा कागद

इथे घाई करवली जाते. "आजच भरलं तर हा दर", असं सांगितलं जातं. जानेवारी, पाडवा, दसरा-दिवाळी, प्रत्येक मुहूर्ताला सवलत असते, म्हणजे ती हुकली तरी पुन्हा येते. त्या दिवशी पैसे न भरता घरी जा.

विचारायचे प्रश्न असे. जॉइनिंग फी वेगळी आहे का? आजारपणात किंवा गावी गेल्यावर सदस्यत्व थांबवता येतं का, कितीदा, कमीत कमी किती दिवस, आणि ते आधी कळवावं लागतं का? बदली झाली तर दुसऱ्या शाखेत किंवा दुसऱ्या माणसाच्या नावावर करता येतं का, त्याचे किती पडतात? मधेच सोडलं तर काय परत मिळतं? पहिल्या महिन्यात व्यायाम शिकवणं फीमध्ये धरलंय, की त्यासाठी पर्सनल ट्रेनर (पीटी) घ्यावाच लागतो? हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. काही ठिकाणी मुख्य फी कमी ठेवून खरी कमाई पीटीवर केली जाते, आणि पीटी न घेणाऱ्याकडे कोणी फिरकत नाही.

मिळालेली उत्तरं त्याच दिवशी जिमच्या नंबरवर व्हॉट्सॲपने लिहून पाठवा : "आज ठरल्याप्रमाणे वर्षात ३० दिवस थांबवता येईल, शाखाबदल फुकट, बरोबर ना?" त्यावर "हो" आलं की तो पुरावा झाला. फॉर्मवर "नो रिफंड" छापलेलं असतंच. पण ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ग्राहकावर एकतर्फी अटी लादणाऱ्या करारांविरुद्ध दाद मागायची तरतूद आहे, आणि सदोष सेवा देऊन पैसे परत नाकारणं ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. जिम मुदतीआधीच बंद पडली किंवा ठरलेली सेवा दिली नाही, तर आधी लेखी मागणी करा, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, आणि तरीही काही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जा. तिथे, जिमला दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीचं शुल्क लागत नाही, मुदत दोन वर्षांची असते. मूळ पावती नसेल तर यातलं सगळंच अवघड होतं. नुसत्या आश्वासनावर रोख रक्कम देऊ नका.

जीएसटीचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून जिमच्या फीवर १८ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे. पावतीवर अजून १८ लावलेले दिसले तर विचारा. जीएसटी लावला असेल तर पावतीवर जिमचा जीएसटी क्रमांक असायलाच हवा, नोंदणीच नसलेल्या छोट्या जिमला हा कर घेता येत नाही. महिन्याला खात्यातून आपोआप पैसे कापायला यूपीआय ऑटोपेची मंजुरी दिली असेल, तर जिम सोडताना ती आपल्या ॲपमध्ये जाऊन स्वतः रद्द करा. काउंटरवर सांगून आलात एवढ्याने ती थांबत नाही.

पहिल्यांदा एक महिनाच भरा. मासिक पर्याय देतच नसतील तर तीन महिने. नवख्याने वर्षाची फी भरू नये, असं आमचं ठाम मत आहे. सवय लागेल की नाही हा एक धोका, आणि वर्षाचे पैसे घेऊन सहाव्या महिन्यात शटर खाली ओढणारी जिम हा दुसरा.

पायरी ६ : जिमशिवायचे रस्ते

आपल्याकडे जिम येण्याच्या कितीतरी आधीपासून व्यायामाच्या जागा आहेत आणि त्यांतल्या पुष्कळ आजही चालू आहेत. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं, पुण्याचं महाराष्ट्रीय मंडळ १९२४ चं, दादरच्या शिवाजी पार्कचं समर्थ व्यायाम मंदिर १९२५ चं. अशा संस्थांमध्ये मल्लखांब, जिम्नॅस्टिक्स, योगासनं असं शिकायला मिळतं आणि लहान मुलांसाठी तर यासारखी दुसरी जागा नाही. तुमच्या गावातल्या जुन्या व्यायामशाळेची चौकशी आधी करा. फी बहुधा जिमच्या मानाने कमी असते.

कुस्तीची तालीम वेगळी. कोल्हापुरातल्या गंगावेस, शाहूपुरी, मोतीबाग या तालमींसारख्या ठिकाणी पैलवान राहून मेहनत करतात. तिथे हौशी माणसाला प्रवेश द्यायचा की नाही ते वस्ताद ठरवतात. मातीच्या हौदात, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यात, महिलांना सगळीकडे प्रवेश नसतो, म्हणून आधी विचारून जावं. जोडे बाहेर काढायचे, मारुतीला नमस्कार करायचा, हौदात पाय ठेवण्याआधी परवानगी घ्यायची, दुसऱ्याचा मुद्गल (फिरवायचा जड लाकडी दांडा) न विचारता उचलायचा नाही.

तालमीत नवख्याचं काय चुकतं? शेजारचा पोरगा ३०० बैठका मारतोय म्हणून पहिल्याच दिवशी १५० मारल्या जातात. दुसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही, हे साधं दुखणं झालं, दोन-तीन दिवसांत ओसरतं. पण मांड्या टणक सुजल्या, दुखणं असह्य झालं आणि लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, तर स्नायू तुटून त्यातली द्रव्यं मूत्रपिंडावर आली आहेत असं समजा आणि त्याच तासाला रुग्णालय गाठा. जिममध्येही अतिरेकाने हे होतं. पहिल्या आठवड्यात बैठका १० च्या दोन खेपा, जोर ५ च्या दोन खेपा, इतकंच पुरे. दर आठवड्याला दोन-तीनने वाढवा. जमिनीवर जोर निघत नसेल तर हात गुडघाभर उंचीच्या ओट्यावर टेकून काढा. छाती हातांच्या मधून पुढे सरकली पाहिजे, कंबर मधेच लोंबायला लागली की ती खेप तिथेच थांबवा. मुद्गल फिरवायला तीन-चार किलोपासून सुरुवात करा आणि चारही बाजूंनी दोन मीटर मोकळी जागा ठेवा. घामाने मूठ सुटते आणि लाकूड उडतं.

टेकडी आणि पायऱ्या हा सर्वांत स्वस्त रस्ता. पुण्यातल्या पर्वतीच्या १०३ पायऱ्या, हनुमान टेकडी, वेताळ टेकडी, किंवा आपल्याच इमारतीचा जिना. चढताना दम लागतो, पण दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात त्या उतरल्यामुळे, कारण उतरताना स्नायू लांबत लांबत भार झेलतात. म्हणून पहिल्या दिवशी दोन फेऱ्याच करा. गुडघे कुरकुरत असतील तर चढायचं जिन्याने आणि उतरायचं लिफ्टने. पावसाळ्यात शेवाळलेल्या दगडावर गुळगुळीत तळव्याचे बूट घालून जाऊ नका.

बागेतल्या ओपन जिमबद्दल फार आशा नको. पाय झुलवायची, कंबर फिरवायची यंत्रं सांधे मोकळे करण्यापुरती ठीक. तिथल्या कामाच्या वस्तू दोनच : लोंबकळायचा आडवा बार आणि समांतर दांड्या. बसून ओढायच्या यंत्रात भार तुमच्याच वजनाचा असतो, तो वाढवता येत नाही, म्हणून दोन महिन्यांत त्याचा उपयोग संपतो. पावसाळ्यानंतर बोल्ट सैल झालेले असतात, बसण्याआधी हलवून बघा. मुलांची बोटं सांध्यांच्या फटीत जातात, त्यांना लांब ठेवा.

महापालिकेच्या तलावात पोहणं सांध्यांना उत्तम, पण बॅचची वेळ ठरलेली असते, बहुधा डॉक्टरांचा दाखला आणि टोपी लागते, आणि एप्रिल-मेमध्ये मुंगीलाही जागा नसते. ऑक्टोबरात सुरू करा. पोहण्याच्या जोडीला आठवड्यातून दोन दिवस वजनाचे व्यायाम ठेवाच, हाडांना लागणारा भार पाण्यात मिळत नाही.

सोसायटीत जिम असेल तर आधी तिथे महिनाभर जा. लिफ्टने दोन मिनिटांत पोचता येणारी जागा सहसा दुसरी नसते. फक्त ट्रेडमिलचा पट्टा, तारा आणि चावी वर सांगितल्याप्रमाणे तपासा, कारण तिथे देखभाल कोणाचीच नसते.

आता घर. सुरुवातीला लागतात तीनच वस्तू : प्लेटा बदलता येणाऱ्या दोन डंबेल, मिळून २० किलोच्या. ओढायचा एक लांब रबरी बँड. आणि एक चटई. बाक नंतर. सिमेंट भरलेल्या प्लॅस्टिकच्या प्लेटा स्वस्त मिळतात, पण आपटल्या की शिवण फुटते आणि भुकटी गळते. लोखंडी किंवा रबरी घ्या, जुन्या मिळाल्या तर आणखी चांगलं. लोखंडाला गंज चढला तर तारेच्या ब्रशने घासून तेलाचा हात फिरवला की झालं. डंबेलचे नट दर सेटनंतर (सलग काढलेल्या एका खेपेनंतर) आवळा, ते फिरत फिरत सैल होतात आणि प्लेट पायावर येते. जमिनीवर जाड रबरी मॅट टाका, नाहीतर फरशी तडकेल आणि खालच्या मजल्यावरून माणूस येईल. दोन्ही हात वर नेण्याआधी पंखा बंद करा.

दारात अडकवायचा पुलअपचा बार चौकटीवर नुसत्या दाबाने बसतो. प्लायवूडच्या किंवा ॲल्युमिनियमच्या चौकटीवर तो घसरतो. भिंतीत बसवायचा असेल तर विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत अँकर फास्टनर मारून घ्या. नव्या इमारतींतल्या हलक्या ब्लॉकच्या भिंतीत साधे फास्टनर सैल होतात. डंबेल घ्यायच्या नसतील तर शाळेची सॅक घ्या, त्यात तांदळाचे पाच किलोचे दोन पुडे चादरीत गुंडाळून घट्ट बसवा. छातीशी धरून बैठका, वाकून ओढणं, दोन्ही जमतं. गोडेतेलाचा पाच लिटरचा भरलेला कॅन साडेचार किलोच्या वर भरतो, पाण्याचा भरलात तर पाच किलो.

पायरी ७ : पहिले चार आठवडे

जिममध्ये नवख्यालाही "आज चेस्ट, उद्या बॅक, परवा लेग्ज" असा सहा दिवसांचा तक्ता दिला जातो. त्यात मंगळवार बुडाला की पाठीचा व्यायाम आठवडाभर होतच नाही. सोमवार-बुधवार-शुक्रवार, तिन्ही दिवस सगळं शरीर, असंच करा. हा तक्ता जिममध्ये, घरी, कुठेही चालतो.

पाच-सात मिनिटं अंग गरम करा. मग पाच व्यायाम : वजन छातीशी धरून बैठक. ढकलण्याचा एक, म्हणजे ओट्यावरचे जोर किंवा चेस्ट प्रेस. ओढण्याचा एक, म्हणजे लॅट पुलडाऊन किंवा सॅक ओढणं. कंबरेतून वाकून वजन उचलण्याचा एक. आणि २० ते ३० सेकंद प्लँक, म्हणजे कोपरं आणि पायाची बोटं टेकून अंग सरळ ताठ धरणं. पहिले दोन आठवडे प्रत्येकाचे दोन सेट, पुढचे दोन आठवडे तीन. प्रत्येक सेट १० चा, मध्ये दीड मिनिट विश्रांती. वजन असं निवडा की दहावा झाल्यावर अजून तीन निघाले असते. सगळ्या सेटमध्ये १२ निघायला लागले की वजन एक टप्पा वाढवा. प्रत्येक दिवशीची वजनं एका वहीत लिहा.

बैठक जवळून बघू. डंबेल उभी धरायची, वरच्या प्लेटखाली दोन्ही तळवे, कोपरं खाली. पाय खांद्यांइतके फाकवलेले, पंजे किंचित बाहेर. मागे ४५ सेंटिमीटर उंचीची खुर्ची ठेवा. श्वास घेऊन पोट आवळा, नितंब मागे नेत खाली या, खुर्चीला जेमतेम स्पर्श झाला की वर. टाचा उचलल्या जात असतील तर टाचांखाली पातळ प्लेट ठेवा. गुडघे आत मिटत असतील तर वजन जास्त आहे, कमी करा. धावायचे मऊ फुगीर बूट यासाठी वाईट, तळवा डगमगतो. सपाट तळव्याचे बूट हवेत, घरी असाल तर अनवाणी.

काउंटरवरच्या प्रोटीनच्या डब्याकडे पहिले तीन महिने बघू नका. कोरड्या ५० ग्रॅम सोयाबीन वड्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिनं असतात, एका अंड्यात सहा ग्रॅम. पुढे घ्यायचाच झाला तर डब्यावर एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी परवाना क्रमांक आणि सील तपासा. कोणी "लवकर बॉडी बनते" म्हणून सुई किंवा बिननावाच्या गोळ्या देऊ केल्या तर ती जिम त्या दिवशीच सोडा, फी बुडाली तरी चालेल.

पायरी ८ : महिना संपताना

सव्विसाव्या दिवशी कॅलेंडर काढा. ठरलेल्या १२ पैकी १० किंवा जास्त खुणा असतील तर तीन महिन्यांची फी भरा. सहा ते नऊ असतील तर आणखी एकच महिना, आणि कुठला वार बुडतोय ते बघा. शुक्रवार सारखा जात असेल तर तो शनिवारवर न्या. सहापेक्षा कमी असतील तर नूतनीकरण करू नका, सहाव्या पायरीतला घराजवळचा पर्याय घ्या. वहीतली वजनंही बघा. पहिल्या दिवशी पाच किलो धरून बैठका काढत होतात आणि आता साडेसात किंवा दहा धरताय, तर जागा बरोबर निवडली आहे. खुणा भरपूर आणि वजन तिथेच, तर ट्रेनरला ती वही दाखवून विचारा. तीन महिन्यांनंतरही दोन्ही नीट चाललं असेल तेव्हाच वर्षाच्या फीचं बोलणं काढा, आणि पाचव्या पायरीतले सगळे प्रश्न पुन्हा विचारून, उत्तरं लेखी हातात आल्यावर पैसे द्या.